काडीएवढी फट : लहान डर्ट बाईकचा एअर फिल्टर धुताना आणि बदलताना

कार्बोरेटरकडे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, जाणारा रबरी पाइप काढला आणि आत लाल धुळीचा पट्टा दिसला. बोटभर रुंद. फिल्टरच्या खालच्या कडेपासून निघालेला आणि थेट कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत गेलेला. बाकीचा पाइप काळाभोर, स्वच्छ. फिल्टर चार दिवसांपूर्वीच मी स्वतः बदलला होता. स्पंज धुतलेला, तेल लावलेला, अगदी व्यवस्थित.

गाडी माझ्या पुतण्याची. कावासाकीची केएलएक्स ११०, सेकंडहँड घेतलेली, चार-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. रस्त्यावर चालवायची ही गाडीच नव्हे, टेम्पोत घालून सरावाला न्यायची. मे महिना होता, मैदानावर मुरमाचा फुफाटा. दोन फेऱ्यांच्या मध्ये पोरं पाणी पितात तेवढ्या वेळात मी घाईघाईने धुतलेला स्पंज घातला आणि त्याची कड एका जागी आत दुमडून राहिली. काडेपेटीतल्या काडीएवढी फट. त्या फटीतून गाडीने तीन दिवस हवा ओढली. चौथ्या दिवशी पोरगं म्हणालं, "काका, गाडी उठंना झालीया." शेवटी उठली, तर मागे निळा धूर. सिलेंडर उतरवला तेव्हा बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन जिथे वरखाली होतो त्या भोकात, वरपासून खालपर्यंत रेघा, आणि पिस्टनच्या रिंगा इतक्या झिजलेल्या की बोअरमध्ये घालून टोकांमधलं अंतर नुसत्या डोळ्यांनी जास्त दिसत होतं. पिस्टन-रिंगा मागवल्या, सिलेंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून आणला. पोराचा सरावाचा सगळा उन्हाळा गेला. तो एक शब्द बोलला नाही, पण रोज संध्याकाळी येऊन उघड्या गाडीजवळ बसायचा. ते मला अजून आठवतं.

म्हणून हे लिहितोय. स्पंज कसा धुवायचा ते कुणीही सांगेल, तेही मी सांगणारच आहे. पण माझा अनुभव असा की इंजिन मळक्या फिल्टरने जेवढं मरत नाही तेवढं चुकीच्या बसलेल्या स्वच्छ फिल्टरने मरतं. मळका फिल्टर निदान ओरडून सांगतो: गाडी घुसमटते, वरच्या रेसला दम धरत नाही, प्लग काढला तर काजळीने काळा. फट काहीच सांगत नाही. गाडी मस्त पळत असते आणि आतून घासत असते.

माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. यामाहाच्या आरएक्स १०० गाड्या आणि आसपासच्या गावांतले ट्रॅक्टर, हेच मुख्य काम. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो, खाली तेलाची वाटी. ती वाटी सोडवून ते तळाचा गाळ बोटाने खरवडायचे, माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही सगळी माती आत गेली असती, बघ." मी तेव्हा सहावीत असेन. मूठभर चिखल असायचा तो.

आकड्यात बघायचं तर १ लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. आपलं ११० सीसीचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर चार-स्ट्रोक असल्यामुळे ते दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे ३,००० वेळा हवा ओढतं. पूर्ण थ्रॉटलला दर खेपेला ११० मिलिलिटर धरली तर मिनिटाला ३३० लिटर झाली. आणि ही हवा कुठली? पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने उडवलेली. कोल्हापूरच्या पश्चिमेला, पन्हाळ्याकडे जांभ्याची लाल धूळ, शिरोळकडे काळ्या मातीची मऊ भुकटी, आणि मैदानावर मुरूम. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगडच. पिठासारखा झाला तरी दगडाचे गुण सोडत नाही. तेलात मिसळला की पिस्टन आणि बोअरमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करतो.

लहान डर्ट बाईकमध्ये बहुतेक स्पंजाचा, म्हणजे फोमचा फिल्टर असतो. तो धूळ कशी अडवतो हे एकदा कळलं की पुढची अर्धी कामं आपोआप नीट होतात. फोमची भोकं धुळीच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. धूळ अडते ती चिकट तेलाला. हवा वाकड्यातिकड्या वाटेने जाते, कणांना तेवढं वळता येत नाही, ते भिंतीवर आदळतात आणि तेलात रुततात. त्यामुळे तेल न लावलेला कोरडा स्पंज कितीही स्वच्छ असला तरी तो फिल्टर नव्हे, नुसती जाळी आहे. "आजच्या दिवस कोरडाच घालू या" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी गाडी काढू नका.

किती दिवसांनी धुवायचा याला किलोमीटरचं गणित लागू पडत नाही. फेब्रुवारी ते मे आम्ही दर सरावाच्या दिवसानंतर काढतो. एकट्याने ओलसर जमिनीवर चालवली असेल तर दोन-तीन वेळा चालतं. घोळक्यात मागे राहून धूळ खाल्ली असेल तर त्याच संध्याकाळी. पावसाळ्यात धूळ नसते म्हणून विसरू नका. चिखलाचं पाणी स्पंजात गेलं की हवेची वाट बंद होते आणि तेलही धुऊन निघतं.

आता काम. आधी गाडी बाहेरून पुसा, निदान सीटचा आणि एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याच्या, आसपासचा भाग. झाकण उघडल्यावर वरची धूळ आत पडणार असेल तर सगळं मुसळ केरात. झाकण कुठे असतं ते प्रत्येक गाडीत वेगळं: कुठे सीट काढावी लागते, कुठे बाजूचं कव्हर. गाडीचं मॅन्युअल एकदा बघून घ्या आणि स्क्रू एका वाटीत ठेवा, कारण लहान गाड्यांचे स्क्रूही लहान आणि गवतात पडले की गेले. झाकणाला सील असेल तर ते तुटलंय का, दबून चपटं झालंय का, तेही याच वेळी बघा.

स्पंज बाहेर काढताना तो झटकू नका, वाकडातिकडा ओढू नका. बाहेरच्या बाजूला धूळ बसलेली असते, ती उघड्या पाइपात सांडू शकते. सरळ, सावकाश, शक्यतो तोंड खाली करून काढा. लगेच इनटेकच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या, तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं घाला. मी लाल रंगाचं फडकं वापरतो आणि त्याचं एक टोक चांगलं वीतभर बाहेर लोंबत ठेवतो, म्हणजे ते आत विसरलं जात नाही.

आणि इथे जरा थांबा. धुण्याआधी काढलेला फिल्टर हातात घेऊन नीट बघा. बाहेरची बाजू मळकी असणारच. बघायचं ते आतल्या बाजूला. आतून स्पंजाचा रंग सगळीकडे सारखा हवा. कुठे धुळीचा डाग, रेघ, पंख्यासारखा पसरलेला पट्टा दिसला तर तिथून हवा गाळल्याशिवाय आत गेली आहे. तसंच कडेला, जिथे स्पंज एअरबॉक्सला टेकतो, तिथे टेकल्याची खूण पूर्ण गोल दिसायला हवी. ती कुठे तुटलेली असेल तर फट तिथेच होती. हे सगळं धुतल्यावर पुसून जातं. मी त्या मे महिन्यात ही पायरी गाळली नसती तर पहिल्याच संध्याकाळी मला कळलं असतं.

धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग आपल्या अंगणातल्या उन्हात काय होईल ते सांगायला नको. शिवाय ते फोमच्या जोडावरचा गोंद सोडवतं आणि फोम लवकर कुजवतं. फोम फिल्टर धुण्याचं खास क्लीनर मिळतं, मोट्यूलचं ए१ त्यातलंच. ते सगळ्यात बरं. आमच्याकडे पूर्वी रॉकेल असायचं, आता ते मिळणं अवघड झालंय, म्हणून काही जण डिझेलात धुतात. डिझेलने तेल सुटतं, पण मागे स्वतःचा ओशटपणा ठेवतं, म्हणून नंतर साबणाने दोनदा धुवावं लागतं. रॉकेल काय, डिझेल काय, पेटतात दोन्ही. चुलीपासून, गॅसपासून लांब, उघड्यावर, हातात रबरी मोजे घालून काम करा आणि पोरांना या कामाला लावू नका. साबणाचं काम त्यांना द्या.

स्पंज आधी पिंजऱ्यावरून, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या सांगाड्यावरून उतरवा. दोन पसरट डब्यांत क्लीनर किंवा डिझेल घ्या. पहिल्यात स्पंज बुडवून दोन तळहातांमध्ये दाबा, सोडा, दाबा, सोडा. पिळायचा नाही. पोळ्यांची कणीक तिंबताना जसा सगळीकडे सारखा दाब देतो तसं. पिळला की आतले बारीक धागे तुटतात आणि जोड उसवतो. पहिल्या डब्यातलं क्लीनर किंवा डिझेल चहासारखं झालं की दुसऱ्या स्वच्छ डब्यात. मग कोमट पाण्यात भांड्यांचा द्रव साबण घालून आतून बाहेर दाबत धुवा. साध्या पाण्याने इतकं खळबळवा की फेस राहायला नको. पाणी स्टीलच्या ताटात घेऊन बघा, तळाला एकही कण बसायला नको. बसला तर पुन्हा साबण.

कॉम्प्रेसरची हवा मारून स्पंज साफ करण्याचा मोह होतो, कारण पेट्रोल पंपावर ती फुकट मिळते. तेलकट स्पंजातली धूळ हवेने निघत नाही, उलट आतल्या थरात जाते आणि फोम फाटतो. कागदी फिल्टरचा विषय वेगळा. आमच्या गटात दोघांकडे हिरोच्या एक्सपल्स २०० आहेत, त्यांचा फिल्टर कागदी घडीचा. ते कधी स्पंज धुताना बघतात आणि विचारतात, आमचाही धुवू का? नाही. कागदी फिल्टर पाण्यात, रॉकेलात घालायचा नसतो. त्यातही कारखान्यातून तेलकट येणारा कागदी फिल्टर तर हवासुद्धा न मारता मॅन्युअलमधल्या अंतराला, आणि धुळीत चालवत असाल तर त्याच्या बऱ्याच आधी, सरळ बदलायचा.

डब्यातलं घाण रॉकेल-डिझेल गटारीत ओतू नका. आमच्या घरामागचा ओढा पंचगंगेला मिळतो, तीच नदी आम्ही पितो. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये आठ दिवस ठेवतो. माती खाली बसते, वरचं निवळलेलं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरतो. तळाचा गाळ गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर जातो, ते न्यायला माणूस येतो.

वाळवायचा सावलीत. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली फोम लवकर ठिसूळ होतो. आमच्या हवेत उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळतो, जुलैमध्ये रात्रभर पंख्याखाली टांगावा लागतो. हाताला कोरडा लागला तरी गालाला लावून बघा, आतला ओलावा गालाला लगेच कळतो. ओलसर फोमवर तेल बसत नाही, ठिपक्याठिपक्यांनी सुटून येतं.

तेलाबद्दल वाद खूप. वडील आरएक्सच्या स्पंजाला ९० नंबरचं गिअर ऑइल लावायचे, गाड्या चालल्याही. तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं. साधं इंजिन ऑइल पातळ असतं, उन्हात उभ्या गाडीत ते हळूहळू खाली ओघळतं आणि वरचा अर्धा स्पंज कोरडा पडतो. मी आता फोम फिल्टरचंच ऑइल वापरतो. ते लावताना पातळ असतं, त्यातला द्रावक उडून गेला की मधासारखं चिकट होतं. एक बाटली वर्षभर सहज पुरते, आणि एका पिस्टनच्या किमतीत अशा कितीतरी बाटल्या येतात.

लावण्याची पद्धत: जाड प्लास्टिकच्या पिशवीत स्पंज घाला, थोडं तेल ओता, पिशवीचं तोंड धरून बाहेरून चोळत राहा. पुरेसं वाटलं नाही तर आणखी थोडं. रंग सगळीकडे सारखा येईपर्यंत. पांढुरके ठिपके म्हणजे तिथे तेल नाही. कोपरे आणि जोडाची शिवण जास्त वेळ घेतात, तिथे बोटाने चोळा. मग दोन्ही तळहातांत दाबून जादा तेल काढा, वर्तमानपत्राच्या घडीत एकदा हलकेच दाबा. उचलल्यावर थेंब पडायला नको, बोटाला मात्र चिकटायला हवा. तेल थबथबलेलं राहिलं तर हवा अडते, गाडी काळा धूर टाकते. द्रावक उडून तेल चिकट व्हायला रात्रभर ठेवणं उत्तम, घाई असली तरी निदान तासभर.

तोवर एअरबॉक्स. ओल्या फडक्याने आतली धूळ पुसा, कोपऱ्यांसाठी जुना दातांचा ब्रश. एअरबॉक्सच्या तळाला पाणी-तेल साचायची छोटी नळी असते, तिच्या टोकाला बूच. ते काढून रिकामं करा आणि परत लावा. ही नळी हरवलेल्या कितीतरी गाड्या मी बघितल्यात. भोक फिल्टरच्या अलीकडे असेल तर एक वेळ निभावतं, पलीकडच्या बाजूला असेल तर ते थेट इंजिनाचं उघडं तोंड आहे. मग लाल फडकं काढण्याआधी रबरी पाइपाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा हाताने हलवून बघा. रबर वाकवून बघा, जुन्या गाडीत वाकवल्यावरच चिरा उघडतात, एरवी दिसत नाहीत.

आता बसवणं. ते मी बसून करतो, उभ्याने नाही, आणि मैदानावर तर आता मुळीच नाही.

स्पंज पिंजऱ्यावर चढवताना शिवण पिंजऱ्याच्या दांडीवर येऊ देऊ नका, तिथे ताण येऊन ती उसवते. कडेचा ओठ पिंजऱ्याच्या कडेबाहेर सगळीकडे सारखा यायला हवा. एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं दिसलं तर काढून पुन्हा चढवा. मग जिथे स्पंज एअरबॉक्सला टेकतो त्या ओठावर पातळ ग्रीस लावा, वॉटरप्रूफ असेल तर चांगलं. जाड थर नको, पूर्ण गोल हवा. ग्रीस दोन कामं करतं, बारीक फट भरतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला टेकल्याची खूण दाखवतं.

फडकं काढा. बॅटरी मारून पाइपात बघा. आता फिल्टर आत न्या आणि घट्ट करण्याआधी डोळे मिटून बोट पूर्ण कडेने फिरवा. मी खरोखरच डोळे मिटतो, कारण अर्धी कड दिसत नाही आणि डोळ्यांना वाटतं की दिसली. बोटाला मात्र दुमड लगेच कळते, कापडाची शिवण लागावी तशी. शंका आली तर बाहेर काढा. ग्रीसची खूण बघा, एअरबॉक्सवर ग्रीसचं कडं अखंड उमटलंय का? तुटलेलं असेल तर तुटलेल्या जागी स्पंज टेकलेला नाही. मग परत बसवा, स्क्रू किंवा चाप आवळा, पण प्लास्टिकमध्ये स्क्रू जातो हे लक्षात ठेवून दोन बोटांच्या जोराने. जास्त आवळला की पिंजरा वाकतो आणि समोरच्या बाजूला नवी फट पडते. झाकण लावताना त्याचं सीलही असंच बोटाने तपासा.

बदलायचा कधी? स्पंज चिमटीत दाबून सोडा. लगेच फुगला तर ठीक. दबून राहिला, बोटाला काळी भुकटी लागली, शिवण सुटली, कड कडक झाली, उजेडासमोर धरल्यावर एखादी जागा विरलेली दिसली, तर तो धुऊ नका, नवा आणा. फोम नुसता पडून राहूनही कुजतो. ही गाडी आम्ही आणली तेव्हा आधीच्या घरी ती बरेच दिवस ताडपत्रीखाली उभी होती. झाकण उघडलं तर स्पंज हातात बर्फीसारखा तुटला. त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकले होते. म्हणून जुनी गाडी घेतली की किक मारण्याआधी एअरबॉक्स उघडा.

नवा स्पंज गाडीच्या मॉडेलचाच घ्या. ट्विन एअरसारख्या कंपन्यांचे दोन थरांचे येतात, बाहेर जाड भोकांचा, आत बारीक. पॅकेटमधून काढलेल्या नव्या स्पंजाला तेल लावलेलं आहे असं गृहीत धरू नका. चिकट लागत नसेल तर आधी तेल, मग गाडी. आणि गादीचा किंवा सोफ्याचा स्पंज कापून बसवू नका. पार्ट मिळत नाही म्हणून आपल्याकडे हे सर्रास होतं. गादीच्या फोमच्या बऱ्याच भोकांवर पातळ पडदे राहिलेले असतात, हवा अडते, आणि पेट्रोलच्या वाफेने तो सुटतो. त्यापेक्षा एकदाच तीन स्पंज मागवा. आमच्याकडे एक गाडीत, एक तेल लावून झिपच्या पिशवीत, एक धुऊन वाळत असतो. मैदानावर घाईची वेळच येत नाही.

शेवटची तपासणी सरावाच्या दिवसानंतरची. फिल्टर बसवताना पाइपाच्या आतल्या भिंतीला, फिल्टरच्या पलीकडच्या स्वच्छ बाजूला, बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून ठेवा. संध्याकाळी फिल्टर काढा आणि पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट त्या ग्रीसवरून फिरवा. आता हे काम पुतण्याचं आहे. परवा त्याने फडकं उजेडात धरलं, बोटांत चोळलं, मग म्हणाला, "दोन कण हायत, काका." बघितलं तर खरंच दोन, खालच्या बाजूला. आम्ही झाकण उतरवलं, पिंजरा बाहेर काढला, ग्रीसचं कडं बघितलं. तळाला नखाएवढ्या जागेत ते तुटलेलं होतं. स्पंज नवा होता, ओठ तिथे जरा आखूड कापलेला. तो स्पंज बाजूला टाकला, दुसरा घातला, आणि पुढच्या सरावानंतर फडकं पुन्हा त्याच्याच हातात दिलं. या वेळी त्याला फक्त ग्रीस दिसलं.